भोक नेहमी दाराला पाडावं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सुपरमार्केटांच्या शीतगृहांचे किंवा हॉस्पिटलातल्या लशींच्या फ्रीजचे अनुभव असावेत. ती कामं मी न्यूझीलंडमध्ये वीसेक वर्षं केली, त्याआधी पुण्यात केली, आणि त्यांनी माझ्या घराला भात-आमटी पुरवली. पण त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. यंत्र बंद पडतं, माणूस घाबरून फोन करतो, आपण जातो, यंत्र चालू होतं आणि माणूस आपलं नाव विसरतो.

त्यामुळे मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतर वेलिंग्टनजवळ अप्पर हटच्या आमच्या गॅरेजमध्ये केलेल्या कामाबद्दल. जुना फ्रीज घ्यायचा, आतले कप्पे काढायचे, बिअरचं पिंप आत बसवायचं, दाराला नळ लावायचा आणि मालकानं गॅरेजमध्ये उभ्याउभ्या ग्लास भरून घ्यायचा. असे तीसेक फ्रीज मी करून दिले. बाईंनी हे वाचून कपाळाला हात लावला असेल तर आणखी एक सांगून टाकतो, मी बिअर आयुष्यात कधी चाखलेली नाही. चपला शिवणाऱ्यानं प्रत्येक चप्पल घालून बघायची नसते.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम गॅस करतो आणि गॅसला पळवण्याचं काम कॉम्प्रेसर करतो. बाहेर टाकायची उष्णता ज्या नळ्यांतून जाते, ती पूर्वी पाठीमागची काळी जाळी असायची, तिच्यावर आपल्या आया ओले पायमोजे वाळवायच्या. पुढे फ्रीज देखणे झाले आणि बऱ्याच फ्रीजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत लपल्या. फ्रीजच्या कुशीला हात लावून कोमट लागलं, तर आत नळ्या आहेत असं समजावं. अशा कुशीला ड्रिल लावलं की नळी फुटते, गॅस फुस्स करून निघून जातो आणि फ्रीजचं लोखंडी कपाट होतं.

म्हणून माझ्या धंद्याचा पहिला नियम असा, की भोक नेहमी दाराला पाडावं. दारात नळ्या नसतात. बिअर ढकलायला कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर लागतं, तेही आतच पिंपाशेजारी ठेवावं, म्हणजे कुशीला हात लावायचा प्रसंग येत नाही. दुसरा नियम फेसाचा. नळापर्यंतची नळी बारीक आणि चांगली दोन-अडीच मीटर लांब हवी. ती गुंडाळून आत ठेवायची. लोकांना वाटतं, जवळ आहे तर एवढी लांब नळी कशाला? आखूड ठेवली तर सगळा दाब एकदम नळाशी येतो आणि ग्लासात फेसच फेस होतो. हे नियम मी येणाऱ्या प्रत्येकाला फुकट सांगतो.

पहिला नियम मी शिकलो तो मात्र पुस्तकातून नाही.

आमचा अमेय तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पॉलिटेक्निक संपवून नुकता नोकरीला लागला होता आणि मित्रांच्या नादानं घरी बिअर बनवायला शिकला होता. इथे तो छंद आहे, आपल्याकडे लोक लोणची घालतात तसा. एका रविवारी तो गॅरेजमध्ये आला. तिथे आमचा जुना फ्रीज उभा होता. या देशात आल्यावर पहिल्याच महिन्यात घेतलेला, आधी कोणीतरी वापरलेला, पण माझ्या हाताखाली पोरासारखा वाढलेला. नवा फ्रीज स्वयंपाकघरात आल्यावर याला गॅरेजमध्ये हलवलं होतं.

"बाबा, कॅन वी टर्न धिस इंटू अ बिअर फ्रीज? यू नो हाउ टू डू इट. आपण दोघं करू."

त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. 'आपण दोघं करू' एवढंच मराठीत आलं होतं. मी त्यावेळी ते कानाआड केलं.

"दारूचं काम माझ्या हातून होणार नाही," मी म्हटलं.

इथे वाचकांना वाटेल की आमच्या घराण्यात कोणी काका-मामा दारूपायी वाया गेला असेल. तसं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. पण आमच्याकडे कोणीच गेला नाही. मला कसलं दुःख नव्हतं, नुसती सवय होती. नाही म्हणायची सवय असते ना, तशी. मंडळातल्या लोकांनी गॅरेजमध्ये नळ पाहिला तर काय म्हणतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला होता.

पुढच्या महिन्यात मी आणि नलिनी, म्हणजे माझी पत्नी, एका लग्नासाठी पुण्याला गेलो. परत आलो तर फ्रीजच्या उजव्या कुशीला अंगठ्याएवढं भोक होतं आणि फ्रीज मेला होता. आत दोन पिंपं मावावीत म्हणून अमेयनं सिलिंडर बाहेर ठेवायचं ठरवलं होतं आणि त्याची नळी आत घ्यायला कुशीला ड्रिल मारलं होतं. पत्र्याआडची गॅसची नळी बरोबर मधोमध कापली गेली होती. ज्याचा बाप तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतो, त्या पोरानं यूट्यूब बघून बापाच्या फ्रीजचा गॅस घालवावा, हे मला फार लागलं. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तो म्हणाला, "आय डिड आस्क, बाबा."

दोन महिन्यांनी तो ऑकलंडला नोकरी घेऊन गेला. तिथल्या सँडरिंगहॅम या देशी दुकानांच्या वस्तीत राहायला लागला. तिथून आईला मिठाई पाठवायचा, व्हिडिओ कॉल करायचा. मी समोर आलो की वेलिंग्टनच्या वाऱ्याबद्दल विचारायचा. सात वर्षं आम्ही बापलेक वाऱ्याबद्दल बोललो. घरी यायचा तो एका रात्रीपुरता, परतीचं तिकीट खिशात ठेवूनच. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं कसं तेही कळेना.

फ्रीज मी फेकला नाही. त्याच आठवड्यात कॉम्प्रेसरपाशी नळ्या चिमटून दोन्ही टोकं पक्की बंद केली, कारण हवेतला ओलावा आत शिरला की कॉम्प्रेसर कायमचा जातो. टाकून द्यायच्या वस्तूची कोणी एवढी काळजी घेत नाही. नलिनीनं ते पाहिलं. मग त्या फ्रीजवर ख्रिसमसचे दिवे, गणपतीचं मखर आणि जुने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, असं सामान साठत गेलं.

मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात शेजारचा क्रेग आला. क्रेग म्हणजे निवृत्त पोस्टमन, आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना नावानं ओळखणारा. त्याच्या ट्रेलरवर एक फ्रीज आडवा होता. आधी मी त्याला फ्रीज आडवा आणल्याबद्दल बोललो, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. मग त्यानं काम सांगितलं.

"मेट, यू आर द फ्रिज गाय. टॅप लावून देशील?" ही माझ्या भाषेतली त्याची भाषा आहे, मतलब तोच.

मी हो म्हणालो. शेजाऱ्याला नाही म्हणणं जमलं नाही. रात्री जेवताना नलिनी म्हणाली, "क्रेगला हो म्हणालात." आणि तिनं पोळी वाढली.

क्रेगच्या फ्रीजच्या वेळी मी जी चूक केली ती दुसऱ्या कोणा कारागिराच्या हातून होणार नाही. नळ बसवला, दाब धरला, पण चालवून बघायला बिअर कुठून आणणार? आणि आणली तरी पिणार कोण? म्हणून मी पिंपात कोकम सरबत भरलं. चांगलं जिरं-मीठ घालून, घरात करतो तसं. नळातून फसफसतं कोकम आलं, मी आणि नलिनीनं दोन-दोन ग्लास घेतले, काम पास झालं. नळी पाण्यानं तीनदा धुतली आणि फ्रीज क्रेगला दिला. चार दिवसांनी तो कुंपणापाशी आला.

"मेट, इट्स अ ब्यूटी. पण माझ्या लागर बिअरला तुमच्या घराचा वास येतो."

जिरं प्लास्टिकच्या नळीत मुरलं होतं. सगळी नळी बदलून दिली आणि तेव्हापासून फक्त पाण्यावर चाचणी घेतो. क्रेग मात्र ती गोष्ट अख्ख्या हट व्हॅलीत सांगत फिरला आणि तीच माझी जाहिरात झाली. लोक फ्रीज घेऊन यायला लागले. आधी विचारायचे, "आर यू द क्युमिन गाय?" म्हणजे तो जिरेवाला तूच का?

माझी आणखी एक पद्धत नलिनीला पसंत नाही. फ्रीजच्या कुशीत नळ्या नेमक्या कुठे आहेत ते बघायला मी तांदळाचं पीठ स्पिरिटमध्ये कालवून पत्र्यावर पातळ लेप देतो आणि फ्रीज चालू करतो. जिथे आत गरम नळी असते तिथला लेप आधी वाळतो आणि पांढऱ्या रेघा उमटतात. काम दाराचंच असलं तरी हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवतो, म्हणजे पुढे हौसेनं कोणी कुशीला ड्रिल लावणार नाही. नलिनी म्हणते, "देवापुढे कधी रांगोळी काढली नाहीत, दारूच्या कपाटावर काढताय." तिचं पीठ संपतं हा खरा मुद्दा आहे.

गिऱ्हाइकं बहुतेक गोरी. आपल्यातला पहिला आला निखिल, इथल्या एका फार्मसीत काम करणारा, मूळचा मुंबईचा. त्याची अडचण वेगळी होती. नळ तर हवा, पण त्याचे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून येणार होते.

"काका, नळ असा लावा की दिसणार नाही."

"दाराबाहेर नळ असतो रे. दिसतोच."

शेवटी मी नळाची मूठ काढून ठेवता येईल अशी केली आणि उरलेल्या तुकड्यावर निखिलनं पंचांगाचं मोठं कॅलेंडर टांगलं. त्याला वाटलं, झालं काम. अरे, आपल्या घरात कॅलेंडर हीच एक वस्तू अशी आहे जिला सासूबाई रोज हात लावतात. संकष्टी कधी, एकादशी कधी, दुधाची खूण कुठे. महिना संपला, त्यांनी पान उलटलं आणि मागे नळ.

निखिल मला फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, त्या काहीच बोलल्या नाहीत." सहा महिने त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या परत गेल्या त्या दिवशी निखिलनं कॅलेंडर काढलं, तर नळाच्या तुकड्यावर क्रोशाचं कव्हर होतं. लाल-पांढऱ्या दोऱ्याचं, झालर लावलेलं, अगदी मापाचं. आपल्या बायका फ्रीजच्या हँडलला, मिक्सरला, टीव्हीला घालतात तसं. म्हणजे त्यांनी कधीतरी गुपचूप माप घेतलं होतं.

मला घरी बोलावून ते दाखवताना निखिल हसत सुटला. मीही हसलो. पण घरी येताना गाडीत मला ते कव्हर आठवत राहिलं. त्या बाईंनाही ते पसंत नसणारच. पण जावयाच्या घरात नळ आहे, तर निदान त्याच्यावर धूळ बसू नये, एवढं त्यांनी केलं. मी माझ्या पोराच्या बाबतीत एवढंसुद्धा केलं नव्हतं. शहाण्यासारखा नळ्या चिमटून बसलो होतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी अमेयचा फोन आला. नलिनीकडून मला कळलं, की त्याला पर्थला नोकरी लागली होती. ऑस्ट्रेलिया. दिवाळीला तो चार दिवस येणार होता. गॅरेजमधली त्याची खोकी बघायची, काय न्यायचं काय टाकायचं ते ठरवायचं, आणि जायचं. ऑकलंडहून तो एका रात्रीपुरता तरी यायचा. पर्थहून तेही येईल की नाही, मला सांगता येत नव्हतं. नलिनीलाही येत नव्हतं. ती दोन दिवस चकलीच्या भाजणीबद्दलच बोलत होती.

दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा केली. गेज, व्हॅक्यूम पंप, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू. मग जुन्या फ्रीजवरचं मखर, दिवे आणि जँडल्स उतरवले.

कुशीतली नळी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. ती फोममध्ये रुतलेली असते, पत्रा फाडावा लागतो. मी ती नळी सोडूनच दिली. क्रेगच्या मागच्या अंगणात एक पुराणा फ्रीज पडला होता, त्याच्या पाठीची काळी जाळी काढून आणली आणि आमच्या फ्रीजच्या पाठीला बसवली. सांधे तापवून जोडले. आत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावून गळती बघितली. एका सांध्याला बुडबुडे आले, तो पुन्हा केला. मग पंप लावून आतली हवा काढली आणि नवा गॅस भरला. चिमटलेली टोकं सात वर्षं पक्की राहिली होती, कॉम्प्रेसर पहिल्याच झटक्यात घुमला. माझ्या पाठीवर कधी कोणी थाप मारली नाही, म्हणून मीच फ्रीजच्या पाठीवर मारली.

दाराला नळ बसवला. पिंपं आत दोन ठेवली, अमेयला हवी होती तशी. मग सिलिंडरला आत जागा उरेना. ते बाहेर ठेवावं लागणार आणि त्याची नळी आत न्यायला कुशीला भोक हवं. मी हातात ड्रिल घेऊन फ्रीजच्या उजव्या बाजूला गेलो आणि तिथे भोक आधीच होतं. अगदी योग्य उंचीवर, पिंपाच्या तोंडासमोर. आता त्यामागच्या नळीत गॅसच नव्हता, त्यामुळे ते निरुपद्रवी होतं. मी त्याला रबरी कडं बसवलं आणि नळी आत सरकवली. मापात बसली. पोरानं जागा बरोबर निवडली होती, फक्त आत काय आहे ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अमेय लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी आला. चहा-चिवडा झाला, वाऱ्याबद्दल बोलून झालं. मग तो खोकी बघायला गॅरेजमध्ये गेला. मी मागोमाग गेलो नाही. स्वयंपाकघरात उभा राहून धुतलेलेच कप पुन्हा धुतले. नलिनी म्हणाली, "अहो, जा आता." तेव्हा गेलो.

तो फ्रीजच्या उजव्या बाजूला वाकून उभा होता.

"इज धिस द सेम वन?"

"तोच."

त्यानं रबरी कड्यावरून बोट फिरवलं. "तुम्ही हे बुजवलं नाही."

"नळीला वाट हवीच होती. बुजवून दुसरं कशाला पाडू?"

"पण आई म्हणते, तुम्ही सगळ्यांना सांगता, नेव्हर द साइड."

"ते आतल्या नळ्यांमुळे. या फ्रीजला आता कुशीत नळ्या नाहीत. मागे बघ, क्रेगची जाळी आहे."

त्यानं मागे जाऊन जाळी बघितली, सांधे बघितले. एका सांध्याशी जरा जास्त वेळ थांबला, तो मी दोनदा केलेला. मग पुढे येऊन त्यानं नळ ओढला आणि ग्लास भरला.

"आत नुसतं पाणी आहे," मी म्हटलं. "बिअर तुला आणावी लागेल. मला त्यातलं कळत नाही."

"नो क्युमिन?"

म्हणजे आईनं तेही सांगितलं होतं. तो हसला आणि ते फसफसतं पाणी पूर्ण प्यायला. मला जे बोलायचं होतं ते मी आदल्या दिवसापासून मनात जुळवून ठेवलं होतं, पण बोलताना त्यातलं निम्मंच आलं.

"अमेय, तू विचारलं होतंस. त्या वेळी. मी नीट ऐकलं नाही."

रिकामा ग्लास त्यानं फ्रीजवर ठेवला, पुन्हा हातात घेतला. बाहेर क्रेग त्याच्या कुत्र्याला रागावत होता. खोकी अजून बंदच होती.

"बाबा," तो म्हणाला, "एक विचारू?"

काय विचारायचं आहे ते त्यानं अजून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."